निरंक

आमच्या शाळेत मुख्याध्यापक आणि मी, असे दोनच शिक्षक. मी राहते नवीन पनवेलात. शाळा पनवेलच्या मागे, डोंगराखालच्या आदिवासी वाडीत. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी घरं वीटभट्ट्यांवर जातात आणि पोरंही बरोबर जातात. अशा पोरांना आम्ही हमीपत्र द्यायचं. ते दाखवलं की भट्टीजवळची शाळा त्यांना बसवून घेते. सरकारची ही सोय चांगली आहे, यात वाद नाही.

पण पोर पटावरून गेलं की आमचा पट घटतो, आणि पट घटला की दोघांतला एक शिक्षक दुसरीकडे पाठवतात. त्या वर्षी आम्ही अगदी काठावर होतो. चौथीतली एक मुलगी आईबापाबरोबर कर्जतकडे गेली, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, हिचं नाव चालू ठेवा. जूनमध्ये येतेच आहे परत."

मी रोज तिची हजेरी लावत गेले. बदली झाली असती ती माझी, कारण कनिष्ठ मी. मनाला मात्र सांगितलं की नाव राहिलं तर पोर शाळेला धरून राहील. स्वतःची समजूत घालण्यात आम्हा शिक्षकांचा हात कोणी धरणार नाही.

मग शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचा तक्ता आला. मी त्यात 'निरंक', म्हणजे असं मूल एकही नाही, असं लिहिलं आणि पंचायत समितीत नेऊन दिला. साहेबांनी चहा पाजला.

संक्रांतीनंतर एका दुपारी ती मुलगी आईबरोबर शाळेच्या दारात उभी. पहाटे निघून, दोन गाड्या बदलून आल्या होत्या.

"बाई, भट्टीवर शालेची गाडी येते," आई म्हणाली. "बाकीची पोरं जातात, हिला घेत नाय. ही तुमच्याकडं शिकते असं कंपुटरवर दिसतं म्हणतात. तो कागद द्या, म्हंजे हिला घेतील."

कागद द्यायचा तर ती दिवाळीनंतर लगेच गेली असं लिहावं लागणार, आणि हजेरीत ती रोज शाळेत. दोन्ही कागद एकत्र आले असते तर माझी नोकरीच गेली असती. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत बसले होते.

"वरून परवानगी लागते," मी म्हटलं. "पंधरा दिवसांनी बघू." कसलीही परवानगी लागत नाही. मला लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. फक्त यांची परतीची गाडी किती वाजता असेल, एवढंच डोक्यात आलं.

हजेरी टेबलावर उघडीच होती. मुलीला स्वतःचं नाव वाचता येत होतं, तेवढं मी शिकवलं होतं. नावावर बोट ठेवून ती पुढच्या रकान्यांवरून हळूहळू सरकत गेली.

"बाई, मी रोज आली?"

"हो," मी म्हटलं.

ती आईकडे बघून हसली. "आये, मी रोज आली हाय."

"गप ग," आई म्हणाली आणि तिला घेऊन निघाली.

त्या दिवशी ती खरोखरच शाळेत आली होती. तिची हजेरी मी सकाळीच लावून टाकली होती.