भिंतीवरची अव्वा

रहिमतपूरच्या कृष्णात गुरुजींची बहात्तर साली जत तालुक्यातल्या एका धनगरवस्तीवर बदली झाली. उसाच्या मळ्यातला माणूस फुफाट्यात पडला, असं लोक म्हणाले.

शाळा म्हणजे एकच खोली. पोरांच्या घरात कानडी. गुरुजी घसा कोरडा पडेस्तोवर मराठी धडे वाचायचे आणि पोरं मख्ख बसायची. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी वैतागून त्यांनी कोळसा उचलला आणि भिंतीवर मेंढी काढली.

"कुरी!" पोरं ओरडली.

"मराठीत मेंढी," म्हणत गुरुजींनी खाली शब्द लिहिला. त्या दिवसापासून शाळेला तोंड फुटलं. विहीर, घोंगडं, बाभळ अशी भिंत भरत गेली आणि पोरं वाचू लागली.

एकटी बया नावाची पोर तेवढी बोलेना. सिद्धू मेंढक्याची ही लेक नुसती कोपऱ्यात बसून असायची. मग गुरुजींनी तिच्या आईलाच, रंगुबाईला, भिंतीवर काढलं. डोक्यावर पदर, हनुवटीवर गोंदण, अगदी हुबेहूब. खाली लिहिलं, आई. बया उठली, चित्रावर हात ठेवून म्हणाली, "अव्वा." आणि मग हळूच, "आई." गुरुजींचे डोळेच भरून आले.

दुसऱ्या दिवशी रंगुबाई दारात हजर. बाजारहाटामुळं तिला मराठी येत होती. त्या वस्तीत माणसाचं रूप काढायचं ते तो मेल्यावर. चांदीच्या पत्र्यावर त्याचा टाक उठवून देव्हाऱ्यात ठेवायचा.

"आवं गुरुजी, मी जित्ती हाय की अजून! पुसा ते."

"पुसतो बाई. पोरगी आत्ता कुठं वाचायला लागलीय. आठ दिवस राहू द्या."

शिकलेला माणूस, असल्या भीतीला मनातून हसलाच. पण दुष्काळानं विहिरींचा तळ गाठला होता. ते गढूळ पाणी पिऊन वस्तीत पटकी शिरली आणि आठवडा सरायच्या आत रंगुबाई गेली. पटकीनंच गेली, हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी ओलं फडकं घेऊन चित्र पुसलं, आणि मग मेंढी, विहीर, सगळंच पुसून काढलं. वस्तीनं एका शब्दानं बोल लावला नाही. तेच त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

बया शाळेत यायची थांबली. बाकीची पोरं धडे घोकायला लागली, पण अर्थ कुणालाच कळत नव्हता. गुरुजींना ते दिसत होतं, आणि तरी कोळशाला हात लावायचं धाडस होत नव्हतं.

पुढच्या सालची गोष्ट. बया मेंढरं घेऊन शाळेवरून चालली होती, ती दारात थांबली.

"गुरुजी, अव्वाला काडा की परत. आता चालतंय."

गुरुजींनी कोळसा उचलला. पदर झाला, कुंकू झालं, गोंदण झालं. चेहरा मात्र काही केल्या आठवेना. हात तिथंच अडला. बयानं त्या रिकाम्या चेहऱ्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी," ती म्हणाली, "मलाबी तिचा चेहरा दिसंना झालाय."