ली न लागणारा शब्द

पनवेलच्या भाजीबाजारात लीसरांनी एखाद्याचं मनगट धरलं की त्याने मुकाट्याने पिशवी खाली ठेवायची. मग तो दोन पोरांचा बाप झालेला असो नाहीतर नगरसेवकाचा उजवा हात. "तू माझ्या क्लासला होतास ना? मग ऐक. हार्डली म्हणजे जेमतेम. मी तुला सांगितलं नव्हतं. माझं चुकलं." एवढं बोलून सर दुसरा जुना विद्यार्थी शोधायला पुढे सरकायचे. म्हातारा सटकला, असं लोक म्हणायचे. मी मात्र मेथीच्या जुडीमागे तोंड लपवायचे, कारण या सगळ्याच्या मुळाशी मीच होते.

सरांचा इंग्रजीचा क्लास एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होता. खाली गिरणी सुरू झाली की वर फळा थरथरायचा. सर म्हणायचे, "इंग्रजीला घाबरायचं नाही. नामाला शब्द तसाच, क्विक; क्रियेला लागला की ली, क्विकली. ली लावा नि निर्धास्त व्हा!" मराठीत पोरगा चांगला असतो आणि पोहतोही चांगला, एकाच शब्दात दोन्ही कामं भागतात. "इंग्रज तेवढा काटकसरी नाही," सर सांगायचे. अपवाद विचारले की हात झटकायचे. "अपवाद सांगितले की पोरं पळतात. आधी बोला तर खरं!"

त्यांना लीसर हे नाव माझ्यामुळे पडलं. वर्गात सगळी कॉलेजची पोरं आणि मी त्यांची ताई शोभेल अशी, उरणकडच्या खेड्यातून रोज एसटीने येणारी. तोंड उघडलं की 'आमी', 'तुमी' निसटायचं आणि मागच्या बाकावर खसखस पिकायची. त्या लाजेने महिनाभर गप्प बसले. मग एकदा धीर करून विचारलं, "सर, बाई आली तर क्विकली. मग बाप्या आला तर क्विकला का?" अख्खा वर्ग बाकांवर लोळला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सरही हसले, अगदी चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले; पण मग म्हणाले, "अरे गाढवांनो, ही मराठीत विचार करते आणि नियम पारखून घेते. तुम्ही नुसते लिहून घेता. बाळ, इंग्रजीतली ली बाई-बाप्या बघत नाही." त्या दिवसापासून मी बोलायला लागले.

मला बोलायला येणं गरजेचं होतं. आमचं शेत कधीच गेलं होतं. बाबा उतारवयातही दुसऱ्याच्या मिठागरात मीठ ओढत होते. खाऱ्या पाण्याने पायांना चिरा पडलेल्या, रात्री आई त्यात खोबरेल भरायची. एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात जागा निघाली होती. मला ती मिळाली की बाबा मिठागर सोडणार, असं घरात ठरलं होतं.

मुलाखतीला बाबा माझ्यासोबत आले आणि बाहेर पायरीवर बसले. आत साहेबांनी विचारलं, वडील काय करतात? मला केवढा आनंद झाला! ताठ बसून म्हणाले, "माय फादर हार्डली वर्क्स. ऑल हिज लाइफ ही हार्डली वर्क्ड." साहेब एकमेकांकडे बघून हसले. मला वाटलं, खूश झाले.

बाहेर बाबांनी विचारलं, "काय इचारला?"

"तुमच्याबद्दल विचारलं. तुम्ही जन्मभर किती राबलात ते सांगितलं."

"माज्याबद्दल? आनि इंग्रजीन?" बाबा उजळलेच. गावात शिरल्यापासून जो भेटेल त्याला तेच सांगत सुटले, "पोरीनी सायबाला माजा काम इंग्रजीन सांगितला!"

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत सरांना सगळं शब्दन् शब्द सांगितलं. सर खाली बाकावर बसले. "अगं," म्हणाले, "हार्डला ली लागत नाही. लावली तर अर्थ उलटतो. तू सांगितलंस, माझे वडील जेमतेमच काम करतात. जन्मभर त्यांनी फारसं काही केलंच नाही."

माझ्या डोळ्यांसमोर ते हसणारे साहेब आले, आणि पायरीवर बसलेले बाबा. वाटलं, जीभ झडली असती तर बरं. नोकरी तर गेलीच. पण ज्या माणसाच्या पायाच्या चिरा मिटत नव्हत्या त्याला मी परक्यांसमोर ऐतखाऊ ठरवून आले होते, आणि तो गावभर मिरवत होता.

मी बाबांना सांगितलं नाही. सरांनी सांगितलं. रविवारी एसटीने ते आमच्या घरी आले आणि ओटीवर उभ्यानेच बाबांपुढे हात जोडले. एवढा शिकलेला, वयाने मोठा माणूस! मला मान वर करवेना. सगळं ऐकून बाबा खो खो हसले. "म्हंजे मी कायच काम केला नाय? आवं सर, हिची आय पन ह्येच म्हनते! बसा, बोंबील भाजलेत." सर जेवले, पण हसले नाहीत. निघताना म्हणाले, "मी किती पोरांना असंच अर्धवट शिकवून सोडलंय, देव जाणे." आणि मग ते बाजारात उभे राहायला लागले.

पुढे मला दुसऱ्या ऑफिसात काम मिळालं. तोवर बाबांनी आणखी काही हंगाम मीठ ओढलं. ते मनातून जात नाही.

परवा सरांची शोकसभा झाली. माडीवर त्यांचा फोटो, खाली गिरणी बंद. जुने विद्यार्थी म्हणाले, ताई, तू बोल, आणि इंग्रजीत बोल, सरांना आवडेल. बाबा पुढच्या खुर्चीत काठी धरून बसले होते. मी उभी राहिले. बाजारात सर दिसले की मी तोंड लपवायचे. एकदा जवळ जाऊन, सर, आता पुरे, असं म्हणायला हवं होतं. तेवढंही मला जमलं नाही.

"अवर सर वर्क्ड हार्ड," मी म्हणाले. आणि खाली बसले.

बाबा कानाशी वाकले. "काय सांगितला?"

"सर जन्मभर राबले, असं."

"यावेळी बराबर सांगितला ना?"

"हो बाबा," मी म्हटलं. "यावेळी बरोबर."