शनिवारच्या सुट्टीत जोडलेला कॉम्प्युटर

शुक्रवारी संध्याकाळपासून प्रतिभाचं कशातच लक्ष लागत नव्हतं. सातपूरच्या ज्या वर्कशॉपमध्ये ती तीन वर्षं धातू कातायचं सीएनसी लेथ मशीन चालवत होती, तिथे वरच्या मजल्यावर डिझाइन विभागात एक जागा रिकामी झाली होती. मालक शामसुंदर सरांनी तिच्या आणि डिप्लोमावाल्या महेशच्या हातात पंपाच्या एका भागाचं एकच ड्रॉइंग ठेवलं होतं. रविवारी सकाळी शिफ्टच्या आधी त्याचं थ्रीडी मॉडेल करून आणायचं. ज्याचं चांगलं, तो वर बसणार.

महेशच्या घरी कॉम्प्युटर होता. प्रतिभाचा डिझाइनचा क्लास गंगापूर रोडला होता, तोही दोन महिन्यांपूर्वी संपलेला. तेव्हापासून ती कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून मोबाईलवर व्हिडिओ पाहत होती. आज एक प्रोसेसर पक्का, उद्या दुसराच. मोठा भाऊ भारतदादा म्हणायचा, सरळ लॅपटॉप घे, नाहीतर निदान कॉम्प्युटरचा डबा तरी काचेचा, रंगीत दिवे लागणारा घे. दिव्यांनी मॉडेल लवकर होतं का, असं तिने विचारलं, तर म्हणाला, "नाय होत. पण आलेल्या माणसाला दिसतं तरी."

शनिवारी सातपूरच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी. कॅनडा कॉर्नर चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानाचं शटर वर जायच्या आधीच ती स्कूटी लावून उभी होती. काउंटरवरच्या आल्हादने तिला मोठं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारायचा बराच प्रयत्न केला. ती हलली नाही. प्रोसेसर दमदार हवा, त्याच्यातलंच ग्राफिक्स सध्या पुरे, रॅम भरपूर आणि डबा साधा, पत्र्याचा. यादी ठरली, पण जोडून मिळेल मंगळवारी, असं तो म्हणाला. आधीची तीन गिऱ्हाइकं होती.

"मंगळवारी घेऊन काय करू मी? खोकी द्या, घरी जोडते."

"मॅडम, जमेल ना? प्रोसेसरखालच्या पिना वाकल्या तर परत घेत नाही."

"रोज वीस मायक्रॉनमध्ये, केसाहून बारीक मापात काम करते मी," ती म्हणाली आणि खोकी स्कूटीच्या पुढ्यात रचायला लागली.

मखमलाबादला घरी पोहोचेपर्यंत अकरा वाजले होते. आई कलाबाईंनी टेबलावरची शेवंतीची परडी उचलून जागा करून दिली. प्रोसेसर अलगद बसला, रॅम खट् आवाज करून बसली. मग प्रोसेसरवर बसवायचा कूलर तिने हातात घेतला, तर त्याच्या तळाला राखाडी, चिकट थर. प्रतिभाला त्यात काही नवल वाटलं नाही. वर्कशॉपमध्ये येणारा प्रत्येक नवा पार्ट गंजू नये म्हणून असाच ग्रीसमध्ये माखून येतो, आणि बसवण्याआधी तो लख्ख पुसायचा, ही फोरमन देवराममामांची पहिल्या दिवसाची शिकवण होती. तिने स्वच्छ फडकं घेतलं, स्पिरिट लावलं आणि तळ असा पुसला की त्यात तोंड दिसावं. मग चारही स्क्रू आलटून पालटून, सारख्या ताकदीने आवळले.

बटण दाबलं, स्क्रीन उजळला. सॉफ्टवेअर चढवून ती मॉडेलला भिडली. पंपाचा आकार जेमतेम उभा राहिला आणि स्क्रीन काळा झाला. पुन्हा चालू केला, दहा मिनिटांत पुन्हा बंद. तिने प्रत्येक वायर काढून पुन्हा लावली. तीन वाजून गेले होते. महेशचं मॉडेल एव्हाना झालंही असेल, या विचाराने तिला खुर्चीत बसवेना.

"अगं, हे तापलंय की," कलाबाई डब्यावर हात ठेवून म्हणाल्या आणि कोपऱ्यातला उभा पंखा ओढत घेऊन आल्या.

शेतातून आलेले वडील, सावळीराम, दारातच थांबले. "मला नाय लावत कधी पंखा," ते म्हणाले.

प्रतिभा हसली नाही. पंख्यासमोर कॉम्प्युटर पाच मिनिटं जास्त टिकला, हे तिने घड्याळात पाहिलं होतं. म्हणजे दुखणं उष्णतेचंच. तिने सेटिंगचा स्क्रीन उघडला. प्रोसेसर अठ्ठ्याण्णव डिग्रीवर होता. कूलर घट्ट, त्याचा पंखा फिरतोय, मग उष्णता अडतेय कुठे? तिने आल्हादला फोन लावला.

"कूलरच्या तळाला राखाडी पेस्ट होती ना, ती नीट टेकलीय का?" त्याने विचारलं.

"ते ग्रीस? ते तर मी पुसलं."

पलीकडून तो हसू दाबत म्हणाला, "मॅडम, तीच तर उष्णता पोहोचवते. या इकडे, पेस्टची ट्यूब देतो."

ती पोहोचली तेव्हा दुकानात सगळ्यांना ती गोष्ट कळलेली होती. एक गिऱ्हाईक म्हणालं, आमचाही कूलर घासून द्या. रागवायला तिच्याकडे वेळ नव्हता. डाळीच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध, एवढं विचारून ती निघाली. घरी येऊन कूलर उतरवला, पेस्ट लावली, पुन्हा आवळला. पारा पन्नाशीच्या आसपास थांबला. तरी दर पाच मिनिटांनी ती काम सोडून तो आकडा बघून येत होती. दिवेलागणीला मॉडेल पूर्ण झालं, तेव्हा पाठ ताठली होती आणि दुपारचं ताट तसंच झाकलेलं होतं.

रविवारी सरांनी आधी महेशचं मॉडेल पाहिलं, मग तिचं. फिरवून फिरवून पाहिलं. तिच्या एका भोकाची खोली ड्रॉइंगपेक्षा दोन मिलिमीटर कमी भरली. प्रतिभाचे कान तापले. तिने माउस मागितला आणि उभ्या उभ्या मिनिटभरात ती चूक सुधारली.

"भिंतीची जाडी ड्रॉइंगवर दिलेली नव्हती. महेशच्या मॉडेलची भिंत इतकी पातळ आहे की धातू ओतताना फुटेल. तुझी फुटणार नाही," सर म्हणाले. "यंत्रावर हात असलेला माणूस वर हवाच होता मला. उद्यापासून ये."

उद्यापासून. म्हणजे आजची शिफ्ट अजून खालीच. ती जिना उतरून लेथपाशी आली, कातायचा जॉब चकच्या पकडीत धरला आणि मशीन चालू केलं. मोजमाप बरोबर येत होतं. तरी तिने तोच जॉब तीनदा मोजला. घड्याळात जेमतेम नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती; उद्या अजून खूप लांब होता.