तुझं चुकलं असेल तर...

पार्श्याहून, माहेरून फोन आला तेव्हा मी आमोण्याला माझ्या घरी जेवणानंतरची भांडी आवरत होते. पलीकडून वहिनी म्हणाली, "तुजो दादा गेलो गो," आणि तेवढंच बोलून तिने फोन विश्रामच्या, आमच्या चुलत पुतण्याच्या हातात दिला. विश्राम कधी, कसं, किती वाजता नेणार हे सगळं नीट सांगत होता. मला रडू आलं नाही. राग आला. दादावर नाही, वहिनीवर नाही... देवावर. माझ्या थोरल्या भावाने, सगुणदादाने, उभा जन्म गावाच्या वतीने देवाशी बोलण्यात घालवला आणि देवाने शेवटी त्याचा घसाच धरला. कॅन्सर. आधी आवाज गेला, मग गिळणं गेलं, मग तो गेला.

पेडण्याकडचं गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना सांगते. आमच्या गावात देवाशी बोलायचा मान एका घराचा असतो. सणाला सगळा गाव देवळात जमला की त्या घरातला माणूस पुढे होतो, देवाकडे तोंड करून गावाचं सुखदुःख मोठ्याने सांगतो, आणि दर वाक्याला मागचा जमाव "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतो. आमच्याकडे हा मान वडिलांनंतर दादाकडे आला. नारळ-काजूची थोडी बागायत बघणारा साधा माणूस, एरवी चारचौघांत तोंड उघडायला लाजणारा. पण गाऱ्हाण्याला उभा राहिला की त्याचा आवाज असा लागायचा, की मागे कुजबुजणाऱ्या बायकाही गप्प व्हायच्या. मी लहानपणी त्याला चिडवायची, "देव आंधळा नाही रे, आणि बहिराही नाही. हळू बोल." तो म्हणायचा, "ताका आयकूं येता. तुमकां येना म्हणून व्हडल्यान उलयतां."

अंत्यविधीला गेले तर स्मशानाच्या वाटेवरच ते कानावर आलं. माझ्या पुढे चालणाऱ्या दोघांमधला एक दुसऱ्याला म्हणाला, "देवान जीब धरली ताची. तें उतर उलयलोलो न्हय?" दुसऱ्याने मागे वळून मला पाहिलं आणि त्याला कोपराने ढोसलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. ते 'उतर', म्हणजे दादाचं ते एक वाक्य, गावात कोणी विसरलेलं नव्हतं. ते काय होतं आणि कुठून आलं, हे सांगायलाच हा लेख लिहिते आहे. उद्या गावात दुसरीच कहाणी चालू होईल, आणि ती मला चालणार नाही.

रतन, दादाची एकुलती मुलगी, तेव्हा बारावीला होती. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळायच्या आगेमागेचे ते दिवस. देवळाच्या चौकात रोज मराठी की कोकणी यावरून हमरीतुमरी चालायची. देवाशी कुठल्या भाषेत बोलायचं यावर मात्र कोणी भांडत नव्हतं, ते दादा आपला घरातल्या बोलीत बोलायचा. गणपतीची चवथ तोंडावर आलेली, पाऊस धो धो, नदी फुगलेली, आणि रतनला ताप भरला. चढला तो उतरेना. वहिनीने शेजाऱ्याची जीप दारात आणून उभी केली. म्हापशाच्या इस्पितळात न्यायचं. फेरी बंद, म्हणजे लांबच्या रस्त्याने, पाण्यातून. मुलगी वाटेत तर नाही ना जायची, ही दादाची धास्ती. तो म्हणाला, "इल्लें राव. कौल घेवन येतां."

आमच्याकडे असंच करतात. देवाच्या पाषाणाला गुरव उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, मग प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, घराचा पाया, आजारपण, सगळं त्या पाकळ्यांवर. दादाने विचारलं, "चेडवाक घरांतच उतार पडटलो आसल्यार उजवी दी." गुरव नंतर सांगायचा, इतक्या झटकन उजवी पाकळी पडलेली त्याने कधी पाहिली नव्हती. दादा आनंदाने धावत घरी आला. जीप परत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रतनची शुद्ध गेली. मग पाण्यातूनच नेली. डॉक्टर वाईट माणूस नव्हता, त्याने खरं तेच सांगितलं, की काल आणली असती तर बरंच काही करता आलं असतं. दादा ते ऐकून इस्पितळाच्या भिंतीशी नुसता उभा राहिला. मी आमोण्याहून पोचले तेव्हा रतन गेली होती आणि तो तसाच उभा होता. वहिनी त्याच्याकडे बघत नव्हती.

पुढचे दिवस मी माहेरीच होते. समाचाराला माणसं येत होती आणि येणारा प्रत्येक जण आपल्यासोबत एक उत्तर घेऊन येत होता. मला त्या उत्तरांचा दुःखाहून जास्त त्रास झाला. एक बाई म्हणाली, देवाला आवडतात ती माणसं तो लवकर नेतो. वहिनी तोवर कोणाशी एक शब्द बोलली नव्हती. तिने मान वर केली आणि विचारलं, "मगे तुजीं पोरां कित्याक दवरल्यान?" तुझी मुलं देवाने मग का ठेवली, हे ऐकून बाई उठून गेली. कोणी गेल्या जन्माचं काढलं. दादा शांतपणे म्हणाला, "आदल्या जल्मांत कितें केल्लें तें तिका याद ना, आमकां याद ना. मगे ही शिक्षा कोणाक?" कोणी म्हणालं देव परीक्षा घेतो. मी तेव्हा डिचोलीच्या शाळेत शिकवत होते. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, परीक्षा बापाची होती तर पेपर मुलीला का सोडवायला लावला?

सगळ्यात कठीण गेले ते बाबलीमाम. गावचे वडीलधारे, देवस्थानात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी दादाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सगुणा, देव खोटें उलयना. प्रश्न तुजो चुकलो. उतार केन्ना पडटलो तें तुवें विचारूंक ना."

दादाने हात बाजूला केला. "माम, म्हजी गाय हांबरली तर तिका तान लागल्या काय भूक, तें माका कळटा. आनी प्रश्न चुकलो म्हणून म्हजें चेडूं मरतलें हें देवाक कळूंक ना?"

बाबलीमाम छत्री उचलून निघून गेले.

दसरा जवळ येत होता आणि घरात ताण असा, की मला माझ्या घरी परतायला पाय निघेना. दसऱ्याचं गाऱ्हाणं दादानेच घालायचं होतं. बाराव्यानंतर सुतक संपलं, गावाचं काम घरच्या शोकासाठी अडत नाही. वहिनी त्याचं ताट वाढायची, पण बोलायची नाही. एका संध्याकाळी स्वयंपाकघरातून तिचा आवाज ऐकू आला. "इतलीं वर्सां तू गावाखातीर उलयलो. एक फावट म्हजेखातीर उलय. सगळ्यांमुखार विचार ताका. कित्याक? तितलेंच विचार." मी पडवीत बसून ऐकत होते आणि मला भीती वाटत होती. तो विचारेल याचीही, आणि विचारणार नाही याचीही.

दसऱ्याला देऊळ भरलं होतं. एरवीपेक्षा जास्त माणसं आली होती आणि ती का आली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनी आली नव्हती. दादा उभा राहिला. सुरुवात नेहमीची. गाव सुखी ठेव, शेताभाटाला पीक दे, वाटेवरच्याला घरी आण. प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा". मग ते ठिकाण आलं जिथे गाव माफी मागतो. "आमचें जें कितें चुकलां-माकलां आसत, तें पोटांत घाल रे म्हाराजा..." "व्हय म्हाराजा!" इथे गाऱ्हाणं संपतं. दादा हात जोडून तसाच उभा राहिला. गुरवाने आरतीचं ताट उचललं होतं, ते त्याने परत खाली ठेवलं. मग दादा पुन्हा बोलला.

"आनी तुजें चुकलां आसत... तर तें आमी पोटांत घालतांव."

मागून "व्हय म्हाराजा" आलं नाही. एकाही तोंडातून नाही. दादाने क्षणभर वाट पाहिली, मग स्वतःच हळू म्हटलं, "व्हय म्हाराजा," आणि देवळाबाहेर पडला.

मला वाटलं, वहिनीला बरं वाटेल. घरी पोचेपर्यंत बातमी तिच्याकडे पोचलेली होती. ती दारातच उभी होती. "तुका विचारूंक सांगिल्लें. माफ करूंक कोणें सांगिल्लें? म्हज्या पोटचें चेडूं गेलें. हांवें माफ करूंक ना. म्हज्या वतीन तू कोण माफ करपी?" आणि मग दादा रडला. रतन गेल्यापासून पहिल्यांदा. माझा भाऊ असा ओक्साबोक्शी रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवस्थानाची बैठक. देवाची चूक काढणाऱ्याकडे मान ठेवायचा का, असा सवाल. बाबलीमाम म्हणाले, माणसांनी ठरवायचं नाही, कौल लावू, देवच सांगेल. गुरवाने पाषाण पुसला, पाकळ्या भिजवल्या. मी बायकांत उभी होते. दादा पुढे आला आणि म्हणाला, "लाव. पूण आदीं रतनाखातीर विचारिल्लो प्रश्न परत लाव. तोच, तशाच उतरांनी. ताचो जवाब मेळूं दी, मगे म्हजें विचार."

गुरवाचा हात तिथेच राहिला. उजवी पडली तर? मेलेल्या मुलीला घरातच उतार पडेल असं देव पुन्हा म्हणाला तर? आणि डावी पडली तर देवाने तेव्हा काय सांगितलं होतं? प्रत्येकाच्या तोंडावर तेच होतं. गुरव बाबलीमामांकडे बघत राहिला, बाबलीमाम जमिनीकडे. शेवटी गुरवाने पाकळ्या तबकात परत टाकल्या. मान दादाकडेच राहिला. दादाने मात्र त्यानंतर कधी कौल घेतला नाही, ना स्वतःसाठी, ना दुसऱ्यासाठी.

पुढच्या दसऱ्याला त्याने ते वाक्य बदलून घातलं. वहिनीचं त्याने ऐकलं होतं. "तुजें चुकलां आसत, तर तें पोटांत घालपाक आमकां बळ दी." त्या वर्षी मागून दोन-तीन आवाज आले, त्यात माझा एक होता. नंतर वाढत गेले. नव्या पोरांना वाटायला लागलं, की गाऱ्हाण्याचा शेवट पूर्वीपासून असाच आहे.

मी एकदा त्याला छेडलं. आम्ही बागेत काजू गोळा करत होतो. म्हटलं, "दादा, मी शाळेत मुलांकडून प्रार्थना म्हणून घेते, तू समर्थ, तू दयाळू. मला आता ते म्हणताना अडखळायला होतं. तुला नाही होत?" तो बोंडं पिरगळून काजू वेगळे करत राहिला. मग म्हणाला, "तो व्हड आसा, ना तर बरो आसा. दोनूय आसा तें माका पटना. हांव बरो धरून चलतां. ताच्यानय जमना आसतलें सगळें." मी म्हटलं, मग असल्या देवाकडे मागायचं तरी कशाला? "हांव मागना गो," तो म्हणाला, "सांगतां." मला ते पटलं असं नाही. अजूनही नाही. पण त्याला सोडून दुसऱ्या कोणाच्याही उत्तराने मला इतकं गप्प केलेलं नाही.

आवाज गेल्यानंतर मी त्याला शेवटचं भेटले ती दुपार. वेदना इतक्या, की तो चादरीची टोकं मुठीत धरून पडलेला. मी संतापाने बडबडत होते. म्हटलं, "आता काय म्हणतोस त्याला? हेही त्याला जमत नव्हतं? हेही पोटात घातलंस?" दादाने डोळे उघडले, पोटावरून हात फिरवला, आणि मग तोच हात वर करून हलवला, आपण 'अर्धंमुर्धं' म्हणताना हलवतो तसा. आणि हसला. त्या अवस्थेत हसला.

परवा दसरा झाला. गाऱ्हाणं आता विश्रामकडे आहे. त्याला देवस्थानातल्या लोकांनी बजावलं होतं, सगुणाचं ते वाक्य घेऊ नकोस, त्याचं काय झालं ते बघितलंस ना. विश्रामची मुलगी अजून चालायलाही लागलेली नाही. त्याने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तो काय करील हे मला माहीत नव्हतं, त्यालाही नसावं. दरवर्षी मी आत बायकांत उभी राहायची, या वर्षी वहिनीबरोबर मागेच थांबले. तेव्हा कळलं, की ती त्या पहिल्या दसऱ्यानंतर दर वर्षी येत होती, मंडपाबाहेरच्या खांबाला टेकून ऐकत होती आणि आरतीआधी निघून जात होती. आम्हाला कोणाला पत्ता नव्हता.

विश्राम माफीपर्यंत आला आणि थांबला. पुढच्या रांगेतून कोणीतरी खाकरलं. त्याने एकदा मागे वळून बघितलं, बहुधा आपल्या बायकोच्या कडेवरच्या पोरीकडे. मग देवाकडे तोंड करून, दादापेक्षा बारीक आवाजात, पण अक्षर न गाळता तो बोलला. "आनी तुजें चुकलां आसत, तर तें पोटांत घालपाक आमकां बळ दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप गरजला. बजावणारेही त्यात होते, सवयीने.

वहिनीचे ओठ मिटलेले होते. ती त्या वाक्याला कधीच होकार भरत नव्हती, हे मला त्या क्षणी समजलं. आणि मी? मी इतकी वर्षं ते खणखणीत म्हणत आले होते. मुलगी माझी नव्हती. या वेळी माझा भाऊ गेला होता आणि माझं तोंड उघडलं नाही. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. थोडी बाजूला सरकली आणि मला टेकायला खांबाशी जागा करून दिली.