पायाळू विमलताई

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर, लीलाबाईवर. गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नेवासा तालुक्यातल्या तिच्या स्वतःच्या ओसरीत. तिला पालथं निजवलं आणि शेजारच्या बबनने तिच्या कमरेवर पाय दिला. बबन पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. पाठीत उसण भरली की आमच्याकडे अशा माणसाचा पाय लावून घेतात, आणि दाबून लावला तरच गुण येतो असं धरून चालतात. मावशी किंचाळली, आणि त्यानंतर कित्येक महिने ती स्वतःहून उठून बसू शकली नाही. पण दोष एकट्या बबनचा नाही. त्याआधी सगळा उन्हाळा ती पाठ धरून दवाखान्यात जात होती. दर वेळी इंजेक्शन टोचून तिला घरी पाठवलं. थकवा येतो म्हणाली तर टॉनिक दिलं. रक्त तपासू, एक्स-रे काढू, हे एकाही शिकलेल्या माणसाला सुचलं नाही. डॉ. विमल उजागरे गेल्याची बातमी छापून आली तेव्हा त्यात ‘ज्येष्ठ कर्करोग संशोधक’ एवढंच होतं. माझ्यासाठी त्या कोण होत्या हे सांगायचं तर सुरुवात मावशीच्या पाठीपासूनच करावी लागते.

त्या गेल्याचं मला मावशीनेच फोनवर कळवलं. “विमलताई गेल्या गं. जेवून खुर्चीत बसल्या हुत्या, तशाच गेल्या. तरास न्हाई झाला काई.” ती रडत होती आणि मागे भाकरी थापल्याचा आवाज येत होता... म्हणजे मावशी उभी होती. ओट्याशी उभी राहून रडत होती. मला वाईट वाटायच्या आधी हायसं वाटलं. वाटलं ते लिहिते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती भांडायच्या तयारीनेच. नगरला मावशीच्या पाठीचे एक्स-रे काढले, मग हाडातला मगज तपासला आणि मल्टिपल मायलोमा असं नाव हातात पडलं. रक्ताचा कॅन्सर, पण हाडं पोखरणारा. कोणीतरी म्हणालं, याच रोगावर जन्म घालवलेल्या एक बाई निवृत्त होऊन शेवगावला राहतात. एक्स-रे पिशवीत घालून मी त्यांच्या दारात उभी राहिले. बारीक चणीच्या, पांढरे केस कापलेल्या, चष्मा कपाळावर. त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

“त्या बबनवर केस करायची आहे मला,” मी म्हणाले.

“कर. पण पाठ बबनच्या आधीच गेली होती. हे बघ.” मणक्यांत काळी काळी भोकं होती. एक मणका चपटा झाला होता. “हाड म्हणजे दगड नव्हे पोरी. त्यात रोज थोडं खाणाऱ्या पेशी असतात आणि रोज थोडं बांधणाऱ्या. या रोगात खाणाऱ्यांना चिथावणी मिळते आणि बांधणाऱ्यांना झोप लागते. औषधाने कॅन्सर मागे हटतो, पण भोकं तशीच राहतात, कारण बांधणारे उठतच नाहीत. त्यांना उठवण्यात माझी हयात गेली.”

“मग उठले का?”

“थोडे उठले. उंदरांत.” आणि त्या हसल्या.

मी विचारलं, मावशी परत चालेल का? “माहीत नाही,” त्या म्हणाल्या. तोवर भेटलेला प्रत्येक डॉक्टर एक तर ‘होईल सगळं नीट’ म्हणाला होता, नाहीतर वर बघत होता. माहीत नाही असं तोंडावर सांगणारं हे पहिलं माणूस. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथे.

पुण्यात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी मोठ्या दवाखान्यात होती. तिला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. मग मावशीला गाडीत आडवं घालून शेवगावला आणलं, तर या बाई म्हणतात, आधी दात दाखवून घ्या.

“आगं बाई! पाठ मोडली माजी, आन दात काय बघायलात?” मावशी गाडीतूनच ओरडली.

“लीलाबाई, हाडांची झीज थांबवायचं इंजेक्शन देणार आहेत तुम्हाला. त्यानंतर दात उपटला तर जबड्याची जखम भरत नाही. किडके असतील ते आधीच काढू.”

“काढा मग. दुखतंय तिथलं सोडून सगळं काढा.”

पुढचे महिने पुण्याच्या फेऱ्या, कंबरेला पट्टा, उलट्या. त्याच दिवसांत मी पत्रक छापलं. ‘पाठीवर पाय देणे म्हणजे मारहाण!’ असं ठळक अक्षरात, आणि खाली बबनने काय केलं ते त्याच्या नावानिशी. शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर वाटलं, शाळांत वाटलं. आणि एका बाजाराच्या दिवशी ते द्यायला विमलताईंकडे गेले तर त्यांच्या पडवीत माणसं पालथी पडलेली, आणि या बाई एकेकाच्या पाठीला पाय लावताहेत!

“या पत्रकवाल्या बाई,” त्या म्हणाल्या. “बसा. तुमच्या नंबरला वेळ आहे.”

त्या स्वतः पायाळू होत्या हे मला तेव्हा कळलं. लहानपणी गावात लोक त्यांना पाय लावायला बोलावून नेत. “आमच्या घरचं पाणी चालत नव्हतं. ख्रिस्ती झालेल्यांचं घर, त्यातून आधीची जात सगळ्यांना पाठ. पण माझा पाय चालायचा. पाटलांच्या पाठीवर मी उभी राहिलेली आहे, विचार कर!” हे त्या खुदखुदत सांगायच्या. मला संताप यायचा, त्यांना गंमत वाटायची.

मी ऐकलं नाहीच. “तुम्ही शास्त्रज्ञ आहात आणि अंधश्रद्धेला खतपाणी घालताय.”

“पाय कसा लावते ते बघितलंस का?” मी बघितलं होतं. अंगठा नुसता टेकला न टेकला. मग खाली बसून बोटांनी मणका न् मणका चाचपायच्या. रात्री कूस बदलताना दुखतं का, वजन उतरलंय का, दम लागतो का, लघवीला फेस येतो का, हे विचारायच्या. बहुतेकांना व्यायाम सांगून घरी धाडायच्या. एखाद्याला मात्र रक्त-लघवी तपासून, एक्स-रे काढूनच परत या म्हणायच्या. “तुझं पत्रक वाचून कोणी रक्त तपासायला गेलं का?”

तरी मला ते पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. माणूस पायासाठी येतो आणि तपासणी घेऊन जातो, ही मला फसवणूकच वाटते. हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगत राहिले, आणि त्या शेवटपर्यंत “चहा घे” म्हणत राहिल्या.

बबनला त्यांनीच बोलावून घेतलं. तो मावशीच्या दारावरून जायचाही बंद झाला होता. “तू मोडलं नाहीस,” त्याला म्हणाल्या, “पण दाबायला नको होतंस. आता मी सांगते तसं करायचं.” काय सांगितलं ते मला कळलं नाही. मी तेव्हाही त्याच्याकडे बघत नव्हते.

आमची शेवटची भेट उन्हाळ्याच्या तोंडावर झाली. मावशीचा रोग आटोक्यात आल्याचं पुण्याहून कळलं होतं. ती शेवगावच्या स्टँडवर उतरली, रिक्षा नको म्हणाली आणि पट्टा बांधून चालत विमलताईंच्या घरापर्यंत गेली. विमलताई पडवीत उभ्या राहून बघत होत्या. जवळ गेल्यावर दिसलं की त्यांनी खांब घट्ट धरला होता. मावशी म्हणाली, “बगा, आले का न्हाई चालत?” त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला हळूच म्हणाल्या, “पहिल्या दिवशी फोटो बघितला तेव्हा वाटलं होतं, ही अंथरुणातच जाणार.” मग डोळे पुसले... आणि चहा टाकायला आत गेल्या.

हे त्यांना बघायला मिळालं. भोकं अजून आहेत, रोग परत येऊ शकतो, त्यांनीच बजावून सांगितलं होतं. पण मावशी चालते, आणि ती चालताना त्यांनी पाहिली. म्हणून माझं दुःख हलकं आहे.

धास्ती एकच होती, आता त्या पडवीत कोण बसणार? गेल्या आठवड्यात मावशीकडे गेले तर बबनच्या दारात एक म्हातारा पोरासकट आला होता.

“पाय लावा की हो,” पोरगा म्हणत होता.

“कवापासून दुखतंय?”

“झालं दीड-दोन महिनं.”

“मग न्हाई लावणार. आदी रगात तपासून आना, फोटो काढा. समदं चांगलं निगालं तर लावतो, नुसता टेकवून.”

“आसा कसला पायाळू तुमी?”

“विमलबाईंनी शिकवलेला हाय,” बबन म्हणाला.

मी पहिल्यांदा त्याच्या ओट्यावर बसले. पत्रकातला बबनवरचा मजकूर पुढच्या छपाईत राहणार नाही.

आता तुम्ही. घरात कोणाची पाठ किंवा बरगडी कित्येक आठवडे दुखत असेल, सोबत थकवा असेल, तर वर्तमानपत्राची ही पुरवणी खाली ठेवा आणि त्यांना घेऊन निघा. बहुतेकांचं साधंच निघेल, निघू दे. डॉक्टरसमोर बसा आणि तोंडाने मागा: हिमोग्लोबिन, कॅल्शियम, किडनी, रक्तातली आणि लघवीतली प्रथिनं, दुखऱ्या जागेचा एक्स-रे. गरज नाही म्हणाले तर का नाही ते विचारा. आणि नीट उत्तर मिळेपर्यंत त्या खुर्चीवरून उठू नका.