मूळ लागायच्या आत

जोशीबुवांनी मला फसवलं. शब्द मला दिला आणि मागून दुसऱ्यालाच वेगळं सांगितलं. सौदा मी स्वतः केला होता, म्हणून राग जास्त.

शहाद्यात माझं छोटं प्रसूतिगृह आहे. वडील साखर कारखान्यात फिटर होते. इमारतीपासून जनरेटरपर्यंत सगळं मी घासाघीस करून उभं केलं आहे. त्यामुळे पेशंटचे नातेवाईक हटून बसले की मी घाबरत नाही, बोलणी करते.

जागृती तापीकाठच्या एका केळीवाल्या घरातली सून. पहिलीच खेप, तारीख नुकतीच उलटलेली. सासू कांताबेन तिला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आजच कळा सुरू करा. शुक्रवारी दुपारी मूळ नक्षत्र लागतं, त्याआधी मूल व्हायला हवं, असं त्यांचे ज्योतिषी जोशीबुवा यांनी सांगितलं होतं. मुळावर जन्मलेलं मूल बापाला जड जातं आणि शांती होईपर्यंत बापाने त्याचं तोंड बघायचं नसतं, असं त्यांच्याकडे मानतात.

मी तपासलं. बाळाचे ठोके छान, पाणी पुरेसं, जागृतीचं बीपी नॉर्मल. पण गर्भपिशवीचं तोंड अजून घट्ट मिटलेलं. आम्ही त्याला कच्चं म्हणतो. ते मऊ होण्याआधी औषधाने कळा आणल्या, म्हणजे इंडक्शन केलं, तर बाई तासन् तास कळा सोसते आणि शेवटी सिझर होण्याची शक्यता वाढते. सगळं ठीक असेल तर तारखेनंतर आठवडाभर लक्ष ठेवून थांबता येतं. बीपी चढलं किंवा पाणी कमी झालं असतं, तर मीच त्या दिवशी इंडक्शन सुरू केलं असतं.

कांताबेनना मी त्यांच्या भाषेत सांगितलं. कच्चा घड पावडर लावून पिकवला तर वरून पिवळा दिसतो, आत घट्टच राहतो.

"पन बाई, बाजारमा तोच चालस," त्या म्हणाल्या.

मी जागृतीला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, बाळ चांगलं हलतंय. मला थांबायचंय."

"तिले काय समजस?" सासूबाई.

मग मी जोशीबुवांनाच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. जो माणूस लवकरचा मुहूर्त काढतो, त्याला उशिराचाही काढता येतो, एवढा व्यवहार मला कळतो. थोडं इकडचं तिकडचं झालं. शनिवारी दुपारी मूळ संपतं, रविवारपासून उत्तम योग आहे, असं ते म्हणाले.

"आणि मधेच बाळ आपोआप आलं तर?" मी विचारलं.

"देवाची इच्छा. शांती करू. कांताबेन, डॉक्टरबाई म्हणतात तसं करा."

ठरलं. जागृतीने रोज तपासायला यायचं. सोमवारपर्यंत कळा आल्या नाहीत, तर मी स्वतः औषध सुरू करणार. कांताबेननी मान डोलावली. जागृतीचा नवरा हितेश तर हात जोडून गेला.

शुक्रवारी सकाळी तिला गाडीतून उचलूनच आणलं. एक कळ ओसरायच्या आत दुसरी. पोटावर हात ठेवला तर पिशवी सैल पडतच नव्हती. अशा वेळी बाळाला रक्त कमी मिळतं. ठोके घसरत होते. आपोआप येणाऱ्या कळा अशा क्वचितच असतात.

"काय घेतलंस?" मी विचारलं.

ती सासूकडे बघत राहिली. मी सगळ्यांना बाहेर काढलं, तेव्हा बोलली. रात्री जोशीबुवांचा घरी फोन आला होता. डॉक्टरबाईंच्या हट्टामुळे तसं बोललो, मूळ टळलेलं बरं, असं म्हणाले. सकाळी हितेशने मेडिकलमधून कळा आणायची गोळी आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही.

पिशवी सैल पडायचं इंजेक्शन दिलं, सलाईन सोडलं, तिला डाव्या कुशीवर वळवलं. ठोके वर येईनात. सिझरशिवाय मार्ग उरला नाही. भूलतज्ज्ञ दुसऱ्या हॉस्पिटलमधून येईपर्यंत मी किती शिव्या दिल्या ते सिस्टरला विचारा.

मुलगी झाली. रडली नाही. बालरोगतज्ज्ञांनी मास्क लावून तिला श्वास दिला, तेव्हा कुठे आवाज आला. तोवर बारा वाजून गेले होते. मूळ लागलं होतं.

कांताबेन दारातच उभ्या होत्या. "बाई, वेळ जरा मांगे लिखा ना."

"वेळ आहे तीच लिहीन. आणि गोळीचंही लिहीन."

हितेश बाळाच्या खोलीच्या काचेकडे पाठ करून उभा. मी म्हटलं, गोळी आणताना घाबरला नाहीस, मग पोरीचं तोंड बघताना कशाला घाबरतोस? शुद्धीवर आल्यावर जागृतीने निरोप पाठवला, ते बाळाला बघायला आत गेल्याशिवाय मी कुणाशी बोलणार नाही. तेव्हा गेला.

मुलगी बरी आहे. पण जागृतीच्या गर्भपिशवीवर आता व्रण आहे. पुढच्या प्रत्येक बाळंतपणात तिला तो मोजूनमापून वागायला लावील, आणि हे टाळण्यासाठीच आम्ही दोघी थांबलो होतो.

धडा एवढाच की स्पीकरवरचा शब्द पक्का धरू नये. माणूस समोर बसवून बोलणी करावी.

मेडिकलवाल्याची तक्रार मी औषध प्रशासनाकडे दिली आहे. चिठ्ठीशिवाय ती गोळी गरोदर बाईच्या घरी कशी गेली, हे त्याने तिथे सांगावं. जोशीबुवा त्या दिवसापासून माझा फोन घेत नाहीत. बुवा, जागृतीच्या पोटावरचे टाके कुणाच्या नावावर लिहू? फोन उचला आणि सांगा.