उभ्या कपाशीत विमान

मंडळी, आज सकाळी विमान शिकवताना जानेफळच्या माझ्या विद्यार्थिनीवर मी भयंकर चिडलो.

मोताळ्यावरून उडताना मी इंजिनाचा जोर एकदम कमी केला. म्हटलं, "इंजिन बंद पडलं समज. कुठं उतरशील?"

खाली गुडघ्याएवढ्या कपाशीचं सपाट वावर होतं. ही पोरगी विजेच्या तारा असलेल्या खडकाळ माळाकडे वळली! मीच विमान परत वर घेतलं.

"काऊन? वावर सोडून माळाकडे का वळलीस?" मी विचारलं.

"सर, कपाशी उभी हाय ना. कोनाची तरी मेहनत हाय."

जमिनीवर आल्यावर मी ओरडलो. ती हळूच म्हणाली, "माह्या बाबाले कपाशीवर औषध फवारताना चक्कर आली होती. तरी हातातलं तास, ती अख्खी ओळ, पुरी करूनच बसले ते."



विमान उतरवणं मी शिकवीन. पण पिकाआधी आपला जीव, हे कसं शिकवू? तुम्हाला घरी कुणी शिकवलं होतं?